मनिलाला जाण्यापूर्वी रिझाल यांची ‘नोली’ वाचावी का?

पाऊलवाट

नमस्कार. येत्या नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मी, माझी पत्नी आणि सासूबाई असे तिघे फिलिपिन्सला जाणार आहोत. पत्नीची मावसबहीण मकाती भागात राहते, त्यामुळे मुक्कामाची सोय झालेली आहे. समुद्रकिनाऱ्यांचे आम्हां तिघांनाही फारसे आकर्षण नाही. मनिला, तिथला जुना भाग आणि लागुना सरोवराकाठची एक-दोन गावे सावकाश पाहावीत, असा बेत आहे.

तयारी करताना जिथे पाहावे तिथे होसे रिझाल हे नाव समोर येते. ‘नोली मे तांहेरे’ ही त्यांची स्पॅनिश भाषेतली कादंबरी १८८७ साली बर्लिनमध्ये छापली गेली, पुढचा भाग ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ १८९१ साली गेंट येथे निघाला, आणि १८९६ च्या डिसेंबरात स्पॅनिश सरकारने लेखकाला गोळ्या घालून ठार केले, एवढे मला समजले आहे. ज्या देशाचा राष्ट्रपुरुष प्रामुख्याने कादंबरीकार म्हणून ओळखला जातो, त्या देशात ती कादंबरी न वाचता जाणे मला प्रशस्त वाटत नाही. दुसरीकडे शंका अशी आहे की सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीची, त्या काळच्या धर्मसत्तेवर आणि राज्यकारभारावर लिहिलेली जाडजूड कादंबरी आधी वाचली, तर आजचे शहर बाजूला राहील आणि मी पुस्तकातल्या जागांवर खुणा करीत फिरत बसेन.

तेव्हा जाणकारांनी सांगावे, की पुस्तक जाण्यापूर्वी वाचावे की परतल्यावर? कोणता इंग्रजी अनुवाद घ्यावा? कादंबरीशी खरोखर निगडित अशी कोणती ठिकाणे आज पाहता येतात? कथेचा शेवट मात्र कृपया कोणी उघड करू नये.

पासिगकाठ

पाऊलवाट यांस,

अवश्य वाचून या, असे माझे स्पष्ट मत आहे. मी नोकरीनिमित्त बरीच वर्षे मनिलात राहतो आणि भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना शहर दाखवण्याचे काम बहुधा माझ्याच वाट्याला येते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

तुमची पुस्तकातल्या जागांवर खुणा करण्याची भीती अनाठायी आहे, कारण खुणा कराव्यात अशा जागाच फारशा उरलेल्या नाहीत. इंत्रामुरोस हा तटबंदीच्या आतला जुना भाग १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या लढाईत जवळजवळ भुईसपाट झाला. त्या महिनाभरात शहरातले सुमारे एक लाख नागरिक मारले गेले, आणि तटाच्या आतल्या सात मोठ्या चर्चपैकी केवळ सान आगुस्तीन उभे राहिले. कादंबरीची अखेरची पाने सांता क्लारा या जोगिणींच्या मठापाशी घडतात. तो मठही त्याच लढाईत गेला, आणि पुढे तो संप्रदाय शेजारच्या केसोन सिटीत हलला. आज तिथे लग्न ठरलेल्या घरचे लोक त्या दिवशी पाऊस पडू नये म्हणून अंडी अर्पण करायला जातात. हा प्रकार रिझाल यांच्या हाती लागता, तर त्यांनी त्यावर एक प्रकरण नक्कीच खर्ची घातले असते.

पर्यटकांना जे दाखवले जाते ते रिझाल यांचे चरित्र असते, त्यांची कादंबरी नसते. सांतियागो किल्ल्यातली त्यांची कोठडी, कोठडीपासून वधस्थळाच्या दिशेने जमिनीत बसवलेले त्यांच्या पावलांचे धातूचे ठसे, लुनेता मैदानावरचे १९१३ साली उभारलेले स्मारक, आणि पाको येथली ती गोल दफनभूमी, जिथे त्यांचे शव गुपचूप पुरले गेले आणि ओळख लपवण्यासाठी दगडावर त्यांची आद्याक्षरे उलट्या क्रमाने कोरली गेली, ही सारी ठिकाणे पाहावीतच. पण यांपैकी कादंबरीत ठळकपणे भेटते ते लुनेताचे मैदान, आणि तेही ओझरते. युरोपातून सात वर्षांनी परतलेला नायक इबारा गाडीतून गावाकडे जाताना बागुंबायानच्या मैदानावरचा उंचवटा पाहतो आणि आपल्या वृद्ध गुरूच्या आठवणीने गप्प होतो. लुनेताचेच हे जुने नाव. १८७२ साली गोमेस, बुर्गोस आणि सामोरा या तीन धर्मगुरूंना स्पॅनिश सरकारने तिथेच गळा आवळून देहदंड दिला होता, हे त्या वेळच्या वाचकाला सांगावे लागत नव्हते. हा परिच्छेद लिहिणाऱ्या माणसाला पुस्तक निघाल्यानंतर नऊ वर्षांनी त्याच मैदानावर उभे केले गेले. स्मारकापुढे उभे राहून पहाऱ्यावरचे सैनिक पाहण्याआधी ते छोटेसे आठवे प्रकरण वाचलेले असले, तर त्या हिरवळीकडे पाहण्याची नजर बदलते.

तुमच्या तारखा पाहून मला विशेष आनंद झाला, कारण कादंबरी ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू होते. पहिल्या प्रकरणात बिनोंदो भागातल्या कापितान तियागो या श्रीमंत गृहस्थाच्या घरी मेजवानी आहे. त्यानंतर लगेच १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस आणि दफनभूमीतली प्रकरणे येतात. सान दिएगो या गावाची मोठी जत्रा ११ नोव्हेंबरला भरते, आणि नाताळच्या आदल्या रात्री कथा संपते. म्हणजे तुम्ही जवळजवळ कादंबरीच्याच तिथींनी फिरणार आहात. १ आणि २ नोव्हेंबरला येथे ज्याला ‘उंदास’ म्हणतात त्या दिवसांत सारे शहर दफनभूमीकडे लोटते. लोक कबरी धुतात, रंगवतात, वर ताडपत्री बांधतात, आणि घरून आणलेले जेवण तिथेच उघडून बसतात. फाटकावर पोलीस पिशव्या तपासून दारू, सुऱ्या आणि पत्त्यांचे कॅट काढून घेतात. रात्री मेणबत्त्यांच्या रांगांमधून लहान मुले वितळलेले मेण गोळा करीत हिंडतात आणि त्याचे गोळे वळतात. कादंबरीत याच दिवशी इबारा आपल्या वडिलांची कबर शोधायला जातो. तिथे त्याला काय सांगितले जाते ते मी लिहीत नाही. मात्र एवढे सांगतो, की ते प्रकरण वाचून मनिलाच्या चिनी दफनभूमीत गेलात, तर ज्यांना कॅथलिक भूमीत जागा नाकारली जाई त्यांच्यासाठी ती वेगळी भूमी निर्माण झाली, या माहितीला निराळेच वजन येईल.

बिनोंदोत कापितान तियागोचे घर ज्या आनलोआगे रस्त्यावर आहे, त्याला आता हुआन लुना रस्ता म्हणतात. रिझाल यांनी तिथल्या खाडीचे वर्णन मोठ्या मिस्कीलपणे केले आहे: तीच आंघोळीची जागा, तीच मोरी, तोच धोबीघाट, मासे पकडायचे तेही तिथेच आणि वाहतूकही तिथूनच, आणि चिनी पाणक्याला सोयीचे वाटले तर पिण्याचे पाणीही तेच. त्या खाडीवरच्या पुलावर उभे राहून हे वाक्य आठवले की हसू येते, आणि पाण्याचा वास आल्यावर ते थांबते.

जेवणाच्या प्रसंगात तिनोला नावाचा कोंबडीचा रस्सा वाढला जातो. इबाराच्या ताटात चांगले तुकडे पडतात आणि फादर दामासो या स्पॅनिश पाद्र्याच्या वाट्याला मान आणि चिवट पंख येतो. त्यानंतर साऱ्या जेवणभर ते ज्या भाषेत बोलतात, ती पाहता पुढच्या निम्म्या अनर्थाची सुरुवात त्या वाडग्यातून झाली असे म्हणता येते. आजचा घरगुती तिनोला आले, कच्ची पपई आणि मिरचीचा किंवा शेवग्याचा पाला घालून करतात. तुमच्या सासूबाई सामिष घेत असतील, तर त्यांना ही चव परकी वाटणार नाही.

शेवटचे कारण सर्वांत व्यावहारिक आहे. येथे शाळेत नववीला ‘नोली’ आणि दहावीला ‘फिली’, म्हणजे ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’, शिकवतात. तुम्ही टॅक्सीचालकाशी, दुकानातल्या मुलीशी किंवा मावसबहिणीच्या शेजाऱ्यांशी बोलताना “आम्ही नोली वाचून आलो” एवढे म्हणालात, तर समोरचा आधी चकित होतो आणि मग सिसाविषयी बोलू लागतो. दोन मुलांच्या शोधात वेडी झालेली ही आई साऱ्या शाळकरी नाटकांतून येथील प्रत्येकाने पाहिलेली असते.

जुने कागद

पासिगकाठ यांनी मनिलाबद्दल लिहिले आहे, त्यात मला सरोवराकाठची बाजू जोडायची आहे. आणि एका बाबतीत थोडा मतभेदही नोंदवायचा आहे.

आपल्याकडचा वाचक ही कादंबरी हाती घेतो, तेव्हा त्याला महात्मा फुले यांच्या लेखनाची आठवण होणे अगदी स्वाभाविक आहे. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा, ‘नोली’ १८८७ ची, आणि दोन्हींत धर्माच्या नावाने चालणारी पिळवणूक आहे. ही आठवण वाचायला सुरुवात करताना उपयोगी पडते, पण पुढे फार ताणू नये. फिलिपिन्समधला स्पॅनिश फ्रायर, म्हणजे फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन अशा संघांचा साधू, हा केवळ धर्माधिकारी नव्हता. गव्हर्नर जनरल येत आणि दोन-चार वर्षांत जात. गावात वर्षानुवर्षे टिकून राहणारा, स्थानिक भाषा जाणणारा आणि बहुतेक ठिकाणी एकुलता एक स्पॅनिश माणूस म्हणजे तो पाद्री. शाळेची तपासणी त्याच्याकडे, लोकांच्या वर्तणुकीचे दाखले त्याच्या सहीचे, आणि कोण राजनिष्ठ व कोण ‘फिलिबुस्तेरो’, म्हणजे राजद्रोही, हे वरती कळवणाराही तोच. कादंबरीतला शाळामास्तर मुलांना स्पॅनिश शिकवू लागतो, तर दामासो त्याला आपल्या भाषेतच राहा म्हणून दटावतात. राज्यकर्त्यांची भाषा रयतेला आली, तर पाद्र्याला वगळून थेट अर्ज करता येईल, हे त्या दटावणीमागचे खरे कारण आहे.

सान दिएगोवर सत्ता कोणाची, हे सांगणारे एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि राजकीय कादंबरी म्हणून ‘नोली’ची ताकद पाहायची असेल तर मी ते प्रकरण आधी दाखवीन. श्रीमंत जमीनदाराची सत्ता नाही. पैसे मोजून पद मिळवलेल्या गावप्रमुखाची तर नाहीच. सत्ता आहे ती नवा पाद्री साल्वी आणि नागरी रक्षकदलाचा अल्फेरेस, म्हणजे कनिष्ठ अधिकारी, या दोघांची. आणि त्या दोघांचे आपसांत हाडवैर आहे. अल्फेरेस चर्चमध्ये आलेला दिसला की पाद्री दारे लावायला सांगतो आणि भिंतीवरच्या संतांनाही डुलक्या येईपर्यंत प्रवचन देतो. उलट अल्फेरेस रात्रीच्या संचारावर बंदी घालून पाद्र्याची कोंडी करतो. दंड मात्र दोन्हीकडून गावकऱ्यांनाच भरावा लागतो. प्रशासन कसे चालते याचे इतके हसरे आणि इतके कडवट वर्णन त्या शतकातल्या कादंबऱ्यांत मला क्वचितच आढळले आहे.

आता मतभेदाचा मुद्दा. तुम्ही सरोवराकाठी जाणार आहात, म्हणजे बहुधा मनिलाच्या दक्षिणेला सुमारे पन्नास किलोमीटरवर असलेल्या कलांबा येथे जाल, कारण १८६१ साली रिझाल यांचा जन्म तिथे झाला. तिथले त्यांचे घर म्हणून जे दाखवतात, ती मूळ जागेवर १९५० च्या सुमारास पुन्हा बांधलेली वास्तू आहे. नीटनेटकी आहे, पण मूळ घर का राहिले नाही हा प्रश्न तिथे विचारला पाहिजे, आणि त्याचे उत्तर ‘नोली’पेक्षा ‘फिली’त अधिक आहे. कलांब्याची बहुतेक शेतजमीन डोमिनिकन संघाच्या मालकीची होती आणि रिझाल यांचे कुटुंब तिथले मोठे खंडकरी होते. ‘नोली’ प्रसिद्ध झाली त्याच वर्षी रिझाल मायदेशी परतले, आणि वाढत्या खंडाविरुद्ध गावकऱ्यांनी सरकारला जी माहिती सादर केली तिच्या लेखनात त्यांनी पुढाकार घेतला. पुढे खटले चालले, ते खंडकरी हरले, आणि १८९० व १८९१ मध्ये गव्हर्नर वेय्लर यांच्या काळात सैन्य लावून कुटुंबांना घराबाहेर काढण्यात आले. रिझाल यांचे नातेवाईक हद्दपार झाले. ‘फिली’तला काबेसांग तालेस रान तोडून जमीन तयार करतो, पीक येऊ लागताच एक संघ मालकी सांगतो, आणि खंड वर्षागणिक वाढत जातो. हे वाचताना लेखक घरातली गोष्ट सांगतो आहे हे लपत नाही. अमेरिकी अंमल आल्यावर १९०३ साली या संघांच्या जमिनी सुमारे ७२ लाख डॉलर देऊन विकत घ्याव्या लागल्या, यावरून कादंबरीतला प्रश्न किती मोठा होता याचा अंदाज यावा.

म्हणून वेळ कमी असेल, तर ‘नोली’ संपूर्ण वाचावी आणि ‘फिली’तली तालेस, त्याची मुलगी हुली आणि वृद्ध सेलो यांची प्रकरणे तरी सोबत ठेवावीत. ‘फिली’ची सुरुवातही प्रवाशाला उपयोगाची आहे. ‘ताबो’ नावाची वाफेची बोट पासिग नदीतून सरोवराकडे चालली आहे. वरच्या डेकवर युरोपीय आणि पाद्री, खालच्या डेकवर एतद्देशीय, चिनी व्यापारी आणि मालाची गाठोडी. आज पासिगवर शहराची प्रवासी बोटसेवा चालते. ती सरोवरापर्यंत जात नाही, तरी एस्कोल्ता येथून बसून तासभर गेलात तर नदीचे वळणे घेत जाणे तेच आहे.

अनुवादांविषयी. चार्ल्स डर्बिशायर यांचा १९१२ चा अनुवाद महाजालावर विनामूल्य मिळतो. तो प्रामाणिक आहे, पण वाक्यरचना जड आहे. लेओन मारिया गेरेरो यांचा १९६१ चा अनुवाद सर्वांत ओघवता, परंतु मूळ मजकुरातल्या स्थानिक तपशिलांना त्यांनी बरीच कात्री लावली आहे. अभ्यासक बेनेडिक्ट अँडरसन यांनी त्यावर सविस्तर टीका केली आहे आणि ती मला पटते. सोलेदाद लाक्सॉन-लोक्सिन यांचा १९९६ चा अनुवाद मूळच्या रचनेला धरून राहतो. हॅरॉल्ड ऑगेनब्राऊम यांचा २००६ चा अनुवाद भारतात मिळवायला सोपा पडावा आणि त्यातल्या टिपा पुरेशा आहेत. मी तुम्हाला लाक्सॉन-लोक्सिन सुचवीन. ‘एलियास आणि सालोमे’ हे प्रकरण छपाईचा खर्च वाचवण्यासाठी रिझाल यांनीच गाळले होते. काही आवृत्त्यांत ते जोडलेले असते, असले तर वगळू नका.

तटावरून

वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, तरी मला यात एक धोका दिसतो. ‘नोली’ वाचून मनिलाला उतरणारा माणूस स्पेन आणि चर्च शोधतो. प्रत्यक्षात त्याच्या डोळ्यांसमोर येते ते पुष्कळ अंशी अमेरिकेने घडवलेले आणि १९४५ नंतर घाईने उभारलेले शहर. लुनेताभोवतीचे रुंद रस्ते आणि स्तंभांच्या सरकारी इमारती अमेरिकी वास्तुकार बर्नहॅम यांच्या १९०५ च्या आराखड्यातून आल्या. जीपनी या तिथल्या सार्वजनिक प्रवासी गाडीचा उगम युद्धानंतर उरलेल्या अमेरिकी लष्करी जीपमध्ये आहे. आणि ज्या इंग्रजीतून तुम्ही तिथे सर्वांशी बोलणार ती अमेरिकी शाळांची देणगी आहे. या साऱ्याला ‘नोली’त स्थान असणे शक्यच नव्हते. तीनशेहून अधिक वर्षांच्या स्पॅनिश राजवटीचा राग मनात भरून घेऊन गेलेला पाहुणा पुढच्या अर्धशतकाबद्दल कोरा राहतो.

दुसरे असे, की रिझाल यांना राष्ट्रपुरुष करण्यामागेही राजकारण होते. १८९६ चे सशस्त्र बंड आंद्रेस बोनिफासियो यांच्या कातिपुनान या संघटनेचे. रिझाल यांनी त्याला पाठिंबा दिला नव्हता, किंबहुना तुरुंगातून त्याचा निषेध करणारे निवेदन लिहिले होते. पुढे अमेरिकी राज्यकर्त्यांना तलवार उपसणाऱ्यापेक्षा लेखणी चालवणारा, आणि शिवाय हयात नसलेला नायक अधिक सोयीचा वाटला, ही टीका फिलिपिनो इतिहासकारांनीच केलेली आहे. मनिलात बोनिफासियो यांचेही मोठे स्मारक आहे, पण परदेशी पाहुण्यांच्या गाड्या तिकडे क्वचितच वळतात.

आणि शाळेत सक्तीने शिकवले जाणारे पुस्तक किती जण मनापासून वाचतात, हे आपल्याला ठाऊक आहेच. माझ्या फिलिपिनो सहकाऱ्यांपैकी बहुतेकांनी ‘नोली’ सारांशपुस्तिकेतून उरकलेली आहे. म्हणून माझा सल्ला असा, की आधी साधे इतिहासाचे पुस्तक वाचावे आणि कादंबरी परतल्यावर निवांतपणे हाती घ्यावी.

पासिगकाठ

तटावरून यांचा अमेरिकी कालखंडाचा मुद्दा मला मान्य आहे; इतिहासाचे एखादे पुस्तक जोडीला हवेच. बोनिफासियो यांच्या स्मारकाबद्दलही ते योग्य बोलले. मात्र सारांशपुस्तिकेतून वाचलेली कादंबरी लोकांच्या बोलण्यात नसते, हे मला पटत नाही.

मुळात ही सक्तीच एका मोठ्या वादातून आली. १९५६ साली सिनेटर क्लारो रेक्तो आणि होसे लॉरेल यांनी दोन्ही कादंबऱ्या, त्याही काटछाट न केलेल्या, शिक्षणक्रमात आणणारा कायदा मांडला, तेव्हा कॅथलिक धर्माध्यक्षांनी कडाडून विरोध केला. शेवटी ज्यांना धार्मिक कारणासाठी मूळ पुस्तक वाचायचे नाही, त्यांना ते वाचण्यापुरती सूट मागता येईल अशी तडजोड होऊन कायदा झाला. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी, स्वतंत्र देशात, त्याच्या कादंबरीवरून संसद आणि चर्च समोरासमोर उभे राहिले.

अलीकडचे उदाहरणही देतो. सप्टेंबर २०१० मध्ये कार्लोस सेल्द्रान नावाचे कलाकार, जे इंत्रामुरोसच्या पदभ्रमंतीचे प्रसिद्ध मार्गदर्शकही होते, रिझाल यांच्यासारखा काळा कोट आणि टोपी घालून मनिला कॅथेड्रलमधल्या प्रार्थनेत शिरले आणि त्यांनी एक फलक उंचावला. त्यावर एवढेच लिहिले होते: ‘दामासो’. संततिनियमनाच्या विधेयकाला चर्च करीत असलेल्या विरोधाचा तो निषेध होता. धार्मिक भावना दुखावल्याबद्दल त्यांना अटक झाली, शिक्षा झाली, आणि ती २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवली. तिथे उपस्थित असलेल्या कोणालाही त्या एका शब्दाचा खुलासा करावा लागला नाही. २०२२ मध्ये आजच्या काळातली एक विद्यार्थिनी या कादंबरीत जाऊन पडते अशी दूरचित्रवाणी मालिका आली आणि ती घरोघरी पाहिली गेली. तेव्हा सारांशातून का होईना, पुस्तक लोकांच्या अंगवळणी पडलेले आहे.

पाऊलवाट

सर्वांचे आभार. ‘नोली’ आधी वाचायचे ठरवले आहे आणि लाक्सॉन-लोक्सिन यांच्या अनुवादाची मागणी नोंदवली आहे. तालेसची प्रकरणे विमानात वाचीन.

दोन शंका उरल्या आहेत. सासूबाईंना इंग्रजी कादंबरी वाचणे जमणार नाही, परंतु त्यांना सहलीत मागे पडल्यासारखे वाटू नये अशी आमची इच्छा आहे. आणि उंदासच्या दिवशी परक्या माणसांनी दफनभूमीत जाणे तिथे शिष्टसंमत आहे का? आपल्या दुःखाच्या जागी कोणी बघे म्हणून येणे आपल्याला आवडणार नाही, म्हणून विचारतो.

पासिगकाठ

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो. जाण्याला हरकत नाही, मात्र मावसबहिणीच्या परिचयातल्या एखाद्या फिलिपिनो कुटुंबाबरोबर जावे हे उत्तम. दोन मेणबत्त्या आणि थोडी फुले न्यावीत, त्यांच्या माणसांच्या कबरीपाशी लावावीत आणि खायला दिले तर घ्यावे. तो दिवस शोकापेक्षा वर्षभराने एकत्र जमण्याचा अधिक आहे. एका कोपऱ्यात जपमाळ चालते, दुसऱ्या कोपऱ्यात गप्पा रंगतात. अनोळखी कुटुंबांची छायाचित्रे मात्र विचारल्याशिवाय काढू नयेत. गर्दी टाळायची असेल, तर संध्याकाळी जाऊ नका. १ तारखेच्या संध्याकाळी मनिला नॉर्थ सिमेट्रीकडे जाणारे रस्ते वाहनांना बंद असतात आणि पुष्कळ चालावे लागते, ते सासूबाईंना झेपणार नाही.

सासूबाईंसाठी रोज एकेक प्रसंग तुम्हीच मराठीतून सांगावा, आणि तो त्या त्या ठिकाणी जाण्याच्या आदल्या रात्री सांगावा. बिनोंदोच्या आधी मेजवानीचे जेवण, दफनभूमीच्या आधी इबारा आणि कबर खोदणारा माणूस, कलांब्याच्या आधी तालेसची जमीन. सिसाची प्रकरणे सांगण्यापूर्वी एकदा स्वतःशी वाचून पाहा. ती मोठ्याने सांगायला अवघड जातात. इंत्रामुरोसला उन्हे चढण्यापूर्वी पोहोचा, कारण सान आगुस्तीन सोडले तर तिथे सावलीची वानवा आहे.

जुने कागद

एक छोटी पुरवणी. कलांब्याला रविवारी गेलात, तर रिझाल यांच्या घरालगतच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये मिस्सा चाललेली असेल. याच चर्चमध्ये रिझाल यांचा बाप्तिस्मा झाला होता. सासूबाईंना घेऊन मागच्या बाकावर थोडा वेळ बसा. ‘नोली’ नुकती वाचलेला माणूस तिथे दामासोला शोधत येतो, आणि त्याला दिसतात ती नातवंडांना कडेवर घेऊन उभी राहिलेली, रिझाल यांना मानणारी आणि नित्य चर्चला जाणारी माणसे. मृत्यूच्या आदल्या रात्री रिझाल यांनी चर्चविरुद्धची आपली मते मागे घेतली की नाही, यावर तिथे आजही वाद होतो. मावसबहिणीच्या शेजाऱ्यांना हा प्रश्न विचारून पाहा, पण हाताशी वेळ असेल तरच.